क्वीनला ब्रिटिश संगीत साप्ताहिकांनी वर आणलं की खाली ओढलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल दोन उलट गोष्टी वाचायला मिळतात. कुणी म्हणतं संगीतपत्रांनी त्यांचा गाजावाजा केला, कुणी म्हणतं त्याच पत्रांनी त्यांना झोडपलं. १९७३ ते १९७७ या वर्षांची कात्रणं जमवून लेख लिहायचा आहे, तर खरं काय धरायचं आणि कात्रणं वाचायची कशी?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या पानांवर घडत होत्या. साप्ताहिकाच्या एका अंकात बातम्यांची पानं असायची, सिंगल्सचा, म्हणजे एक-दोन गाण्यांच्या तबकड्यांचा, रकाना, अल्बमची परीक्षणं, गावोगावच्या कार्यक्रमांची परीक्षणं, एखादी मोठी मुलाखत, वाचकांची पत्रं आणि वर्षातून एकदा वाचकांचं मतदान. ही पानं वेगवेगळे लोक लिहीत, आणि त्यांचं आपसात पटतच असे असंही नाही. क्वीनला परीक्षणाच्या पानांवर मार बसला. बातम्या, छायाचित्रं आणि वाचकांची मतं यांनी त्यांना वर नेलं. आज लोक परीक्षणांमधलीच वाक्यं उचलतात, कारण ती चुरचुरीत असतात. बातमीच्या चार ओळी कुणी उचलत नाही, म्हणून इतिहास एकांगी दिसतो.

आधी मैदान समजून घ्या. त्या वेळी पाच साप्ताहिकं महत्त्वाची होती. मेलडी मेकर १९२६ पासूनचं, वादकांचं पत्र. मागच्या पानांवर 'बेसवादक पाहिजे' छापाच्या जाहिराती असत आणि लेखनाचा सूर गंभीर. न्यू म्युझिकल एक्सप्रेस, म्हणजे एनएमई, १९५२ चं. १९७२ मध्ये ते बंद पडायच्या बेतात होतं. ते वाचवायला भूमिगत नियतकालिकांतली तरुण मंडळी आणली गेली. निक केंट आणि चार्ल्स शार मरे त्यांतलेच. त्यांची लेखणी जहाल होती, आणि तोच त्या पत्राचा विकाऊ माल होता. साउंड्स १९७० मध्ये निघालेलं, दोघांच्या मधलं. डिस्क आणि रेकॉर्ड मिरर ही शाळा-कॉलेजच्या वयाच्या वाचकांची, चार्टवर, म्हणजे विक्रीच्या क्रमवारीवर, आणि फोटोंवर भर देणारी. १९७५ मध्ये डिस्क रेकॉर्ड मिररमध्ये विलीन झालं, त्यामुळे त्यानंतरच्या कात्रणावर नुसतं 'डिस्क' लिहिलेलं दिसलं तर तारीख पुन्हा तपासा.

आता क्वीनची अडचण कुठे झाली ते पाहू. ही जागा नीट समजली की पुढचं बरंच सुटतं.

ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्या 'स्माइल' या बँडमधून १९७० मध्ये क्वीन उभं राहिलं. फ्रेडी मर्क्युरी गायक म्हणून आला, बेसवर जॉन डीकन १९७१ मध्ये. सोहोतल्या ट्रायडंट स्टुडिओने त्यांना हाताशी धरलं, पण ध्वनिमुद्रणाला मिळायचे ते इतर कलाकारांनी न घेतलेले रिकामे तास, बहुतेक रात्रीचे. याच स्टुडिओत गायक डेव्हिड बोवीचे 'हंकी डोरी' आणि 'झिगी स्टारडस्ट' हे अल्बम झाले होते. क्वीनचा पहिला अल्बम १९७२ च्या नोव्हेंबरपर्यंत तयार झाला आणि रेकॉर्ड कंपनीशी करार होईपर्यंत पडून राहिला. फेब्रुवारी १९७३ मध्ये बीबीसी रेडिओ १ वर त्यांचं सत्र वाजलं, तेव्हा बाजारात त्यांची एकही तबकडी नव्हती. ९ एप्रिलला लंडनच्या मार्की क्लबमध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने त्यांचा खास कार्यक्रम ठेवला. पहिलं सिंगल 'कीप युअरसेल्फ अलाइव्ह' आलं ६ जुलैला, अल्बम १३ जुलैला.

याच्या शेजारी दुसऱ्या तारखा ठेवा. टी. रेक्स बँडचा मार्क बोलन मार्च १९७१ मध्ये डोळ्यांखाली चमकी लावून बीबीसी टीव्हीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'वर आला होता. बोवीची मेलडी मेकरमधली मायकेल वॉट्सने घेतलेली गाजलेली मुलाखत जानेवारी १९७२ ची. रॉक्सी म्युझिक १९७२ मध्येच स्थिरावलं होतं. बोवीने हॅमरस्मिथ ओडियनच्या रंगमंचावरून झिगी या आपल्या रंगमंचावरच्या पात्राला निरोप दिला तो ३ जुलै १९७३ रोजी, म्हणजे क्वीनच्या पहिल्या सिंगलच्या बरोबर तीन दिवस आधी. ग्लॅमची, म्हणजे चमकी आणि भडक पोशाखांच्या त्या रॉकची, वरात मांडवातून निघाली आणि हे चौघे दारात पोचले. जे संगीत १९७२ मध्ये ऐकून लोक चमकले असते, तेच आठ महिन्यांनी 'बोवीची आणि लेड झेपेलिनची नक्कल' वाटलं. निक केंटने एनएमईत पहिल्या अल्बमची जी निर्भर्त्सना केली, तिच्या मुळाशी हा उशीरही आहे असं माझं ठाम मत आहे. परीक्षकाला अल्बम कधी मुद्रित झाला हे दिसत नाही, कधी हातात पडला एवढंच कळतं.

दुसरी अडचण 'हाइप' या शब्दाची, म्हणजे पैशाने फुगवलेल्या प्रसिद्धीच्या आरोपाची. एप्रिल १९७० मध्ये ब्रिन्झ्ली श्वार्झ नावाच्या नवख्या बँडला न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये वाजवताना दाखवण्यासाठी ब्रिटिश पत्रकारांचं अख्खं विमान भरून नेलं होतं. कार्यक्रम फिका झाला आणि पत्रांनी त्याचे वाभाडे काढले. तेव्हापासून नवा बँड झगझगीत कपड्यांत आला आणि पाठीशी पैसा दिसला, की परीक्षक आधी 'हे विकत घेतलेलं यश' असं म्हणून मोकळा व्हायचा. क्वीनकडे स्टुडिओचं पाठबळ होतं, टोनी ब्रेन्झ्बीसारखा मुरलेला प्रसिद्धीप्रमुख होता, रंगमंचावर रेशीम होतं. दिसायला सगळं श्रीमंती. प्रत्यक्षात चौघे ट्रायडंटच्या आठवडी पगारावर होते आणि तो पगार बेताचाच होता.

याच्या उलट उदाहरण रॉक्सी म्युझिकचं. मेलडी मेकरच्या रिचर्ड विल्यम्सने त्यांची नमुना-टेप ऐकून १९७१ च्या ऑगस्टमध्येच, करार होण्यापूर्वी, त्यांच्यावर लिहिलं. 'हा बँड आम्ही शोधला' अशी मालकी एखाद्या पत्राला वाटली की ते पत्र पुढची दोन वर्षं त्याला सांभाळून घेतं. क्वीनला मोठ्या दोन पत्रांत असा धनी मिळाला नाही. त्यांना आधी जवळ केलं ते डिस्कसारख्या तरुण वाचकांच्या पत्राने. रोझमेरी होराइड यांचं नाव तिथे वारंवार दिसेल. ही कात्रणं हलकी समजून बाजूला टाकू नका. तबकड्या विकत घेणारा वाचक तिथेच होता.

मग वर जाण्याची शिडी कशी लागली?

पहिली पायरी टीव्हीची, आणि तीही अर्धी अपघाताने. रेडिओ १ ने पहिलं सिंगल वाजवायला नकार दिला आणि ते चार्टमध्ये आलंच नाही. पण अल्बमची एक व्हाइट लेबल प्रत, म्हणजे नाव-गाव नसलेली कोऱ्या चकतीची चाचणी तबकडी, बीबीसीच्या 'ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट' या कार्यक्रमाकडे पोचली. कुणाची आहे हे न कळताच त्यांनी एका जुन्या ॲनिमेशनपटाच्या तुकड्यावर ते गाणं वाजवलं. व्हाइट लेबल पाठवताना सोबतचा कागद हरवणं ही प्रसिद्धीतली नेहमीची चूक. इथे ती पथ्यावर पडली, कारण नाव माहीत नसल्याने 'हाइप'चा पूर्वग्रह आड आला नाही.

दुसरी पायरी दौऱ्याची. १२ नोव्हेंबर १९७३ ला लीड्स टाउन हॉलपासून मॉट द हूपल या नावाजलेल्या बँडच्या दौऱ्यात क्वीन सपोर्ट बँड, म्हणजे मुख्य बँडच्या आधी वाजवणारा बँड, म्हणून वाजवू लागलं, आणि १४ डिसेंबरला हॅमरस्मिथ ओडियनला पोचलं. त्या काळी नव्या बँडच्या मागच्या लोकांना अशा दौऱ्यात जागा मिळवायला पैसे मोजावे लागत. त्याला बाय-ऑन म्हणतात, आणि 'विकत घेतलेलं यश' या आरोपाला इथून आणखी खतपाणी मिळे. पण फायदा मोठा होता. मॉटचा कार्यक्रम पाहायला मेलडी मेकर आणि एनएमईचे बातमीदार गावोगाव यायचेच. सपोर्ट बँडबद्दल दोन ओळी लिहिणं त्यांना भागच असे, आणि महिनाभर दर आठवड्याला अशा दोन ओळी आल्या की नाव डोळ्यांत बसतं. कात्रणं शोधताना म्हणूनच 'क्वीन' या नावाखाली न शोधता मॉटच्या परीक्षणांचा शेवटचा परिच्छेद वाचा. बहुतेकांचं इथेच चुकतं.

तिसरी पायरी फेब्रुवारी १९७४ ची. 'टॉप ऑफ द पॉप्स' गुरुवारी दिसायचा. बोवीच्या 'रिबेल रिबेल'ची फिल्म वेळेत मिळाली नाही, जागा रिकामी पडली आणि क्वीनला ऐनवेळी बोलावणं आलं. २१ फेब्रुवारीला 'सेव्हन सीज ऑफ राय' लोकांनी पाहिलं, आणि ते सिंगल तेव्हा दुकानात आलेलंच नव्हतं. ईएमआयने घाई करून २३ तारखेला ते बाजारात उतरवलं. हे दोन दिवस इतके मोलाचे का? बीबीसीचा अधिकृत चार्ट तेव्हा सुमारे ३०० दुकानांनी डायरीत केलेल्या विक्रीच्या नोंदींवरून बनायचा. टीव्हीवर पाहून शनिवारी दुकानात गेलेल्या मुलाला तबकडी मिळाली नाही तर ती विक्री बुडाली, आणि पुढच्या आठवड्यात त्याचं मन दुसऱ्या गाण्यावर गेलेलं असतं. सिंगल दहाव्या क्रमांकापर्यंत चढलं. एकदा चार्टमध्ये नाव आलं की बातमीच्या पानाला पर्याय उरत नाही. परीक्षकाला बँड आवडो न आवडो, वृत्तसंपादकाला दौऱ्याच्या तारखा छापाव्याच लागतात.

ब्रिटनमध्ये तेव्हा वीजटंचाईमुळे तीन दिवसांचा कामाचा आठवडा चालू होता. 'क्वीन टू' हा दुसरा अल्बम ऑगस्ट १९७३ मध्येच मुद्रित झालेला, पण या टंचाईने आणि वेष्टनावरच्या छपाईच्या चुकीने रखडला, तो ८ मार्चला आला. १ मार्चला ब्लॅकपूलमध्ये मुख्य बँड म्हणून त्यांचा पहिला दौरा सुरू झाला होता, ३१ ला लंडनच्या रेनबोमध्ये मोठा कार्यक्रम होता. म्हणजे सिंगल, अल्बम, दौरा आणि राजधानीतला कार्यक्रम हे सगळं सहा आठवड्यांत आलं. ठरवून करायला गेलं तरी इतकं जुळत नाही.

त्याच आठवड्यांची परीक्षणं पाहा. रेकॉर्ड मिररने 'क्वीन टू'ला ग्लॅम रॉकचा तळाचा गाळ म्हटलं. मेलडी मेकरच्या परीक्षकाने हे लोक इथे यशस्वी झाले तर आपण हार मानू, अशा अर्थाचं लिहिलं. अल्बम पाचव्या क्रमांकावर गेला, आणि आदल्या वर्षी कुणी न विचारलेला पहिला अल्बमही त्याच्या मागोमाग चार्टमध्ये शिरला.

आता छायाचित्रांबद्दल, कारण माझ्या मते क्वीनच्या चढतीचं हे सर्वांत दुर्लक्षित कारण आहे.

ही साप्ताहिकं स्वस्त वृत्तपत्री कागदावर छापली जात. आतली पानं बहुतेक नुसत्या काळ्या शाईची. हा कागद शाई पितो. हाफटोन ब्लॉकचे, म्हणजे छायाचित्र ठिपक्यांत फोडणाऱ्या ठशाचे, ठिपके पसरतात आणि मधल्या राखाडी छटा एकमेकींत मिसळून चिखल होतो. बोवीचे नारिंगी केस, रॉय वूडच्या चेहऱ्यावरचे रंग, स्लेडचे चकचकीत पोशाख हे रंगीत टीव्हीवर झळकत. याच कागदावर ते करडे पडायचे. क्वीनने मात्र रंगमंचावर पांढरा आणि काळा हेच दोन रंग धरले. फॅशन डिझायनर झँड्रा ऱ्होड्सने शिवलेला चुणीदार पांढरा अंगरखा घ्या. बाह्या वटवाघळाच्या पंखांसारख्या, हात पसरले की अंधारात पांढरा त्रिकोण उघडतो. फ्रेडीच्या एका हाताची नखं काळी रंगवलेली. हातात माइकचा अर्धाच दांडा. हा दांडा छायाचित्रात एक सरळ रेष देतो, आणि डोकं कापलं गेलं तरी गायक कोण हे कळतं. दोन इंचांच्या एका स्तंभात, वाईट छपाईतही, ही आकृती ओळखू येते. अंकाची जुळणी करणाऱ्या माणसाला रात्री उशिरा असंच चित्र हवं असतं.

'क्वीन टू'चं वेष्टन याच विचाराचं टोक आहे. छायाचित्रकार मिक रॉकने १९३२ च्या 'शांघाय एक्सप्रेस'मधल्या मार्लेन डीट्रिखच्या छायाचित्राचा आधार घेतला. मागे काळोख, प्रकाश वरून, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी आणि गालफडांखाली गर्द सावली. चार चेहरे समभुज चौकोनात मांडलेले, मे वर, मर्क्युरी खाली आणि त्याचे हात छातीवर फुलीसारखे. मधल्या छटा जवळपास नाहीतच. त्यामुळे हे चित्र वेष्टनावरून जाहिरातीत, तिथून बातमीच्या छोट्या चौकटीत उतरताना काही गमावत नाही. पुढे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या चित्रफितीत हीच मांडणी हलती झाली.

वेष्टनावरची आणखी एक ओळ वाचनाच्या सरावासाठी चांगली आहे. पहिल्या अल्बमवर त्यांनी कुणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही असं छापलं, दुसऱ्यावर तेच पुन्हा. ही शेखी नव्हती, त्यामागे काम होतं. मेने वडिलांबरोबर घरी बनवलेली गिटार, तिची मान जुन्या शेकोटीच्या लाकडाची, नखीऐवजी सहा पेन्सचं नाणं, पुढे व्हॉक्स एसी३० ॲम्प्लिफायर. एकावर एक थर मुद्रित करून त्यातून व्हायोलिनच्या ताफ्यासारखा आवाज निघायचा, आणि ऐकणाऱ्याला यंत्राचा भास व्हायचा. अमुक परीक्षकाने अल्बम नीट ऐकला का, हे पाहायचं असेल तर गिटारच्या या थरांबद्दल तो काय लिहितो ते पाहा. नुसते कपडे आणि पैसा यांवरच मजकूर असेल तर त्या परीक्षणाला तुमच्या लेखात किती जागा द्यायची ते ठरवा.

ऑक्टोबर १९७४ च्या 'किलर क्वीन'ने वारं फिरलं. ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं, फ्रेडीला त्याच्यासाठी गीतलेखनाचा आयव्हर नोव्हेलो पुरस्कार मिळाला. तीन मिनिटांच्या त्या गाण्यात नक्कल कुणाची म्हणायची हेच परीक्षकांना सापडेना. वर्षअखेरीस कॅरोलाइन कूनने मेलडी मेकरमध्ये फ्रेडीची मोठी मुलाखत घेतली. १९७५ च्या एप्रिलमध्ये ते जपानला गेले, तेव्हा विमानतळावर हजारोंची गर्दी होती. तिथल्या 'म्युझिक लाइफ' मासिकाने, कसलाही 'हाइप'चा राग मनात नसल्याने, त्यांना आधीच राजघराण्यासारखं छापलं होतं.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची कथा सगळ्यांना माहीत आहे. लेखाच्या दृष्टीने मुद्दा एवढाच, की ५ मिनिटं ५५ सेकंदांचं हे सिंगल कॅपिटल रेडिओवर निवेदक केनी एव्हरेटने एका आठवडाअखेरीत वारंवार वाजवलं. चित्रफीत १० नोव्हेंबरला एल्स्ट्रीमध्ये चार-एक तासांत झाली आणि २० तारखेला 'टॉप ऑफ द पॉप्स'वर दिसली. गाणं नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. इथून पुढे साप्ताहिकांच्या हातात क्वीनला अडवण्याची ताकद उरली नाही.

म्हणूनच १९७७ ची कात्रणं १९७४ च्या कात्रणांत मिसळू नका. १ डिसेंबर १९७६ ला थेम्स टेलिव्हिजनच्या बिल ग्रंडीच्या कार्यक्रमात क्वीन येणार होतं. ते आले नाहीत, ईएमआयने बदली म्हणून सेक्स पिस्टल्स या पंक बँडला पाठवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून वृत्तपत्रांत पंकशिवाय विषय नव्हता. जून १९७७ मध्ये एनएमईने फ्रेडीच्या मुलाखतीला 'हा माणूस मूर्ख आहे का?' अशा अर्थाचा मथळा दिला. १९७३ मधला राग 'तुम्ही उशिरा आलात' याचा होता. १९७७ मधला राग 'तुम्ही फार मोठे झालात' याचा. वाक्यं सारखी वाटतात, कारणं वेगळी.

मराठी वाचकासाठी लिहिणार असाल तर पाचगणीचा मोह होईल. फारुख बुलसारा, झांझिबारचं पारशी कुटुंब, पाचगणीचं सेंट पीटर्स स्कूल, तिथला 'हेक्टिक्स' हा शाळकरी बँड, १९६४ मध्ये इंग्लंड, हे सगळं खरं आहे. पण त्या काळच्या ब्रिटिश पत्रांत हे फारसं सापडणार नाही. तो स्वतः त्याबद्दल क्वचितच बोले आणि क्वीनच्या पहिल्या तबकडीपासून तो फ्रेडी मर्क्युरीच होता. तेव्हा तो परिच्छेद लिहा, पण पत्रांच्या तोंडी घालू नका. त्या पत्रांसाठी महत्त्वाचं होतं ते त्याचं ईलिंग आर्ट कॉलेजमधलं ग्राफिक डिझाइनचं शिक्षण. बँडचं मानचिन्ह त्याने स्वतः काढलं: दोन सिंह, खेकडा, दोन पऱ्या, म्हणजे चौघांच्या राशी, आणि वर फिनिक्स.

कामाला सुरुवात करताना वर्षानुवर्षांचे गठ्ठे उचलू नका. अंकावर शनिवारची तारीख असते, पण तो बाजारात त्याआधीच येतो आणि मजकूर त्याहून आधी लिहिलेला असतो, हे धरून २३ फेब्रुवारी ते ६ एप्रिल १९७४ चे सात अंक काढा. आधी डिस्क, मग मेलडी मेकर, शेवटी एनएमई. प्रत्येकात पहिल्यांदा बातम्यांचं पान, मग चार्ट, मग छायाचित्राची जागा आणि आकार मोजा, वाचकांची पत्रं वाचा, आणि अल्बमचं परीक्षण सगळ्यांत शेवटी उघडा.